आजार बरा झाला, पण वास, तोल आणि नजर फसवतेय

ताप उतरतो, तपासण्यांचे अहवाल चांगले येतात आणि त्यानंतरच काहीतरी विचित्र सुरू होतं. कॉफीला सडका वास येतो, जमीन हलते, मुलगी म्हणते की भिंत लांब गेली. घरचे घाबरतात, किंवा 'अशक्तपणा आहे, जाईल' म्हणून सोडून देतात. दोन्हींमुळे नुकसान होतं. या वेळच्या पत्रांना उत्तरं देताना चार गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या आहेत: भास किती वेळ टिकतो, कशानं सुरू होतो, एका बाजूचा आहे की दोन्ही, आणि हे खरं नाही हे त्या माणसाला स्वतःला कळतं का. डॉक्टरांकडे जाताना या चारांची उत्तरं कागदावर लिहून न्या. तपासणीचा अर्धा रस्ता तिथेच कापला जातो.

प्रश्न: कोविड होऊन चार महिने झाले. पहिले पाच आठवडे कसलाच वास येत नव्हता. मग थोडा येऊ लागला. आता मात्र कॉफी, परतलेला कांदा आणि अंडं, तिन्हींना एकच जळकट, कुजका वास येतो. टूथपेस्ट तोंडात धरवत नाही. आजार उलटलाय का?

उत्तर: नाही. याला पॅरोस्मिया म्हणतात, म्हणजे असलेला वास चुकीचा येणं. तो बहुधा आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी, वास परतू लागतानाच सुरू होतो. तुमच्या घ्राणपेशी पुन्हा उगवत असल्याची ती खूण आहे, फक्त त्यांची जुळणी अजून नीट झालेली नाही.

नाकाच्या अगदी वरच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना, वास ओळखणाऱ्या पेशींचा छोटासा पट्टा असतो. कोविडचा विषाणू मुख्यतः या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. आधार कोसळला की घ्राणपेशीही निकामी होतात. या पेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत असतात, त्यामुळे त्या परत येतात. माणसात वासाचे सुमारे 400 प्रकारचे ग्राही, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या रचना, असतात आणि एका पेशीवर साधारण एकाच प्रकारचा ग्राही असतो. एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जाऊन मेंदूतल्या ठरलेल्या खणात पोचतात. (या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली, 2004 चं नोबेल त्यासाठीच.) नव्या पेशींचा धागा चुकीच्या खणात गेला, किंवा 400 पैकी थोडेच प्रकार परतले, की वासाचं चित्र बिघडतं.

कॉफीच्या वासात शेकडो रेणू असतात. त्यातले काही गंधकयुक्त रेणू इतके तीव्र, की नाकाला ते अत्यल्प प्रमाणातही कळतात. अर्धवट बऱ्या झालेल्या नाकाला नेमके हेच आधी कळतात, बाकीचे गायब असतात. कांदा, लसूण, अंडं, भाजलेलं मांस यांतही गंधकाचे किंवा भाजण्यातून तयार झालेले असेच रेणू असतात. म्हणून सगळ्यांना 'एकच' घाण वास येतो.

खाण्याचं आधी बघा. भाजलेलं, तळलेलं, परतलेलं काही दिवस बाजूला ठेवा. उकडलेलं किंवा वाफवलेलं घ्या. गरम अन्नातून वासाचे रेणू जास्त उडतात, म्हणून अन्न थंड किंवा कोमट करून खा. जेवताना पोहण्याची नाकाची क्लिप लावली तर अनेकांना घास गिळता येतो. सुगंध नसलेली टूथपेस्ट मिळते, ती वापरा. बंद केलेला पदार्थ दर दोन आठवड्यांनी एक चमचाभर चाखून बघा, कायमचा सोडू नका. वजन आठवड्यातून एकदा नोंदवा. महिन्यात 5 टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टरांना भेटा.

आता वासाचा सराव. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुम्मेल यांच्या गटानं 2009 मध्ये मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार सुगंधी तेलांसाठी घट्ट झाकणाच्या चार गडद काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत कापसाचा बोळा ठेवून त्यावर तेलाचे वीसेक थेंब टाका आणि बाटलीवर नाव लिहा. सकाळी आणि रात्री, एकेक बाटली नाकापासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरून 10 सेकंद हळू, छोटे श्वास घ्या. त्या वेळी, हातातली बाटली ज्याची असेल त्याचा वास आजाराआधी कसा होता हे मनात आणा. हा भाग वगळू नका. मग दहा-पंधरा सेकंद थांबून पुढची बाटली. किमान 12 आठवडे. त्यानंतर चारही वास बदलून पुढे चालू ठेवलं तर अधिक फायदा दिसतो, आणि काहींना वर्षभरही लागतं.

हे फसतं ते ठरावीक ठिकाणी. लोक जोरात हुंगतात, नाक लगेच थकतं. तीन आठवड्यांत 'काही होत नाही' म्हणून सोडतात. तेल नाकात किंवा कातडीला लावतात, ते करू नका. तेल उडून जातं. बोळा दोन-तीन महिन्यांनी बदला. नाक चोंदलेलं असताना सराव वाया जातो, तेव्हा आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. आणखी एक: निलगिरीचा थंडपणा किंवा झोंबणं हे वास नव्हे. ते चेहऱ्याच्या संवेदनेच्या वेगळ्या मज्जातंतूनं कळतं, त्यामुळे त्याला सुधारणा समजू नका. चारांपैकी एखादा वास असह्य झाला तर तो बदला, सराव थांबवू नका. रोज 0 ते 10 अंक लिहून ठेवा. सुधारणा इतकी हळू होते की लिहिल्याशिवाय ती दिसत नाही.

जस्ताचे फवारे नाकात मारू नका. 1937 मध्ये टोरांटोत पोलिओ टाळण्यासाठी मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं गेलं. पोलिओ टळला नाही, काहींचा वास मात्र गेला.

आणि आज संध्याकाळी करायचं काम: गॅसगळती कळावी म्हणून इंधनात घातलेला वासही गंधकाचाच असतो, तो तुम्हाला वेगळा येईल किंवा येणारच नाही. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून त्याचा सूचक (गळती झाली की वाजणारं यंत्र) जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. पाइपचा नैसर्गिक वायू हलका असतो, त्याचा सूचक छताजवळ. चुकीच्या उंचीवर लावलेला सूचक वेळेवर वाजत नाही. उरलेल्या अन्नावर तारीख लिहा. वासावरून खराब झालेलं ओळखणं सध्या तुमच्या हाती नाही.

एकाच नाकपुडीचा त्रास, नाकातून रक्त, किंवा काही सेकंदांचा जळका वास आणि त्यासोबत क्षणभर हरवल्यासारखं होणं, असं असेल तर हे पॅरोस्मियाचं प्रकरण नाही. शेवटचा प्रकार फिटचा असू शकतो. तपासून घ्या.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची. महिन्यापूर्वी घसा, मानेच्या गाठी आणि ताप होता. आता झोपायच्या वेळी म्हणते, 'आई, तू खूप लांब आणि इवलीशी दिसतेस', कधी 'माझे हात मोठे झाले'. दहा मिनिटांत सगळं ठीक होतं. डोळ्यांची तपासणी चांगली आली. मनाचा आजार आहे का?

उत्तर: वर्णन अतिशय नेमकं आहे, आणि त्यावरून हा मनाचा आजार वाटत नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन टॉड यांनी 1955 मध्ये याला 'ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम' हे नाव दिलं. वस्तू लहान, मोठ्या, जवळ किंवा लांब दिसतात, स्वतःचा अवयव फुगल्यासारखा वाटतो, काहींना आवाज आणि काळ भराभर पळतोय असं वाटतं. डोळा चांगला असतो. आकार आणि अंतर यांचा हिशेब करणारे मेंदूचे भाग काही मिनिटं गडबडतात. मुलांमध्ये संसर्गानंतर हे होतं तेव्हा सर्वांत जास्त वेळा एप्स्टाइन-बार विषाणू सापडतो. घसा, गाठी, ताप हे त्याचंच ओळखीचं रूप, रक्ताच्या तपासणीत तो कळतो. दुसरं मोठं कारण अर्धशिशी, म्हणून घरात कुणाला ती आहे का हे डॉक्टरांना सांगा.

तुमच्या मुलीला 'तू लांब दिसतेस' हे कळतं, म्हणजे आई खरंच लांब गेलेली नाही हे तिला ठाऊक आहे. हा फार मोलाचा फरक आहे. त्या वेळी दिवा लावा, तिचा हात धरा, डोळे मिटायला सांगा. 'असं काही नसतं' म्हणू नका, त्यानं ती पुढच्या वेळी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी तिला दिसलं तसं चित्र काढू द्या. मुलांचं चित्र डॉक्टरांना शब्दांपेक्षा जास्त सांगतं. तारीख, वेळ, मिनिटं, डोकेदुखी होती का, एवढं लिहा.

औषधंही तपासा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप आणि दम्याचं माँटेलुकास्ट यांनीही मुलांना भास होऊ शकतात. स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारा.

संसर्गानंतरचा हा प्रकार बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप थांबतो. मात्र भासाच्या वेळी हाक मारल्यावर उत्तर न देणं, एका बाजूचा हात किंवा चेहरा झटकणं, नंतर गाढ गुंगी, पुन्हा ताप, उलट्या, मान ताठणं किंवा वागणं बदलणं यांतलं काहीही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: सर्दी-तापानंतर दहा दिवसांनी सकाळी उठलो तर खोली गरगरत होती. तीन दिवस उलट्या. ऐकू नीट येतं. आता तीन आठवडे झाले, पण चालताना पाट्यांवरची अक्षरं नाचतात. चक्कर येऊ नये म्हणून गोळी दिवसातून तीनदा घेतो आणि शक्य तेवढा पडून राहतो.

उत्तर: वर्णनावरून हा वेस्टिब्युलर न्यूरायटिस दिसतो, म्हणजे एका कानाच्या तोलाच्या मज्जातंतूला आलेली सूज. तुम्ही सध्या करताय त्या दोन्ही गोष्टी, गोळी आणि पडून राहणं, बरं होणं लांबवतात.

दोन्ही आंतरकर्ण, म्हणजे कानांचे सर्वांत आतले भाग, मेंदूला तोलाचे संदेश सतत देत असतात. एक बाजू गप्प झाली की मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. डोकं हललं की सुमारे 10 मिलिसेकंदांत डोळे तेवढेच उलट फिरतात, म्हणून चालतानाही आपल्याला पाटी स्थिर दिसते. तुमची ही जोडणी एका बाजूनं कमकुवत झालीय, म्हणून अक्षरं नाचतात. मेंदू नवा हिशेब शिकू शकतो, पण चुका झाल्या तरच. पडून राहिलं की चूक होत नाही, आणि गोळीनं चुकीचा संदेशच दबतो. चक्कर दाबणारी औषधं पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती असतात. ती कमी कशी करायची हे डॉक्टरांना आजच विचारा.

व्यायाम साधा आहे. कार्डावर एक सेंटीमीटर उंचीचं एक अक्षर लिहा आणि डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर भिंतीला चिकटवा. खुर्चीत बसा. नजर अक्षरावर ठेवून डोकं डावी-उजवीकडे, प्रत्येक बाजूला साधारण 20 अंश, हलवा. वेग इतकाच, की अक्षर जेमतेम स्पष्ट राहील. एक मिनिट. विश्रांती. मग वर-खाली एक मिनिट. दिवसातून तीन ते पाच वेळा, आणि दर वेळी इतक्या फेऱ्या की दिवसाची एकूण किमान 12 मिनिटं भरतील. त्रास महिनोन्‌महिने चालला तर 20. जमू लागलं की उभं राहून, मग पाय जुळवून, मग नक्षीदार पडद्यासमोर, मग चालताना.

थोडी चक्कर यायलाच हवी, ती पंधरा-वीस मिनिटांत ओसरली पाहिजे. त्याहून जास्त राहिली तर वेग कमी करा. बहुतेकांची चूक खांद्यापासून वळण्याची असते. खांदे स्थिर, फक्त मान वळली पाहिजे. दुसरी चूक, अक्षर पुसट झालं तरी वेग वाढवत राहणं. उभ्यानं करताना कोपऱ्यात उभं राहा, समोर खुर्ची ठेवा.

पुढे कधी बिछान्यात कूस बदलताना मिनिटाच्या आत थांबणारी गरगर सुरू झाली, तर ती वेगळी. या आजारानंतर काहींच्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडतात. त्यावर डोक्याच्या ठरावीक हालचालींचा उपाय आहे, तो जाणकाराकडून पहिल्यांदा करून घ्या.

ऐकू कमी येऊ लागलं तर चित्र बदलतं. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांत दिलं तर उपयोगी पडतं, तेव्हा कानाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. दुहेरी दिसणं, बोलणं अडखळणं, गिळताना ठसका, हातापायात जोर नसणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, नवी तीव्र डोकेदुखी: हा पक्षाघात असू शकतो. आधी सर्दी झाली होती म्हणून सगळं विषाणूवर ढकलू नये, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर.

प्रश्न: डेंग्यूचा ताप येऊन आठ दिवस झाले, आता ताप नाही. वाचताना ओळीच्या मधली अक्षरं गायब होतात आणि दाराची चौकट वाकडी दिसते. प्लेटलेट वाढल्या की जाईल ना?

उत्तर: आपोआप जाईल असं धरून चालू नका, आज किंवा उद्या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) तज्ज्ञांना दाखवा. डेंग्यूत नजरेच्या केंद्रभागी सूज किंवा रक्तस्राव होतो तो बहुधा ताप सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आसपास, प्लेटलेट सर्वांत कमी असताना. साध्या चश्म्याच्या तपासणीत तो सुटू शकतो. बाहुल्या मोठ्या करून पडदा पाहणं आणि ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारी) चाचणी मागा. बाहुल्यांत थेंब घातल्यावर काही तास गाडी चालवू नका.

तोवर घरी एक चाचणी. 10 सेंटीमीटर चौरसात 5 मिलिमीटरच्या रेघा आखा, मधोमध ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून 30 सेंटीमीटरवर धरा, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा, मग दुसरा. एकेक डोळाच तपासायचा, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. जिथे रेघ वाकते किंवा पुसते तिथे पेन्सिलीनं खूण करा, तारीख घाला, कागद डॉक्टरांना द्या. बहुतेकांची नजर चांगली परतते. काहींना छोटा डाग उरतो. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका.

प्रश्न: सासूबाई 78 वर्षांच्या. न्यूमोनियातून बऱ्या होऊन चार दिवसांपूर्वी घरी आल्या. रात्री भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी आत आलंय म्हणतात, दिवसा झोपून राहतात. आजाराआधी हिशेबसुद्धा त्याच करत. स्मृतिभ्रंश सुरू झाला का?

उत्तर: काही दिवसांत उपटलं आणि दिवसभरात कमी-जास्त होतं, तर तो स्मृतिभ्रंश असण्याची शक्यता कमी. हा डिलिरियम आहे, आपल्याकडे ज्याला 'वात झाला' म्हणतात तो. इथे मुलीच्या पत्राच्या उलट आहे: सासूबाईंना किडे खरेच वाटतात, आणि मुख्य बिघाड लक्ष न टिकण्याचा आहे. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. जुलैच्या आत अडखळल्या किंवा प्रश्नच विसरल्या तर आजच डॉक्टरांना कळवा. दिवसभर गप्प झोपून राहणं हाही त्याचाच भाग. तो दुर्लक्षित राहतो आणि जास्त धोक्याचा असतो.

कारण शोधा, कारण डिलिरियममागे बहुधा एकाहून जास्त कारणं असतात. ताप किंवा ऑक्सिजन पुन्हा बिघडलाय का? लघवी तुंबलीय का, शेवटची कधी झाली? शौचाला किती दिवस झाले? पाणी किती पोटात गेलं? नवी औषधं कोणती? सर्दीच्या जुन्या प्रकारच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं, यांनी वयस्कर माणसाला भास होऊ शकतात. उलट रोजची झोपेची गोळी रुग्णालयात अचानक बंद झाली असेल तर त्यानंही होतं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

घरात चष्मा आणि श्रवणयंत्र उठल्याबरोबर लावा. धूसर दिसणाऱ्या डोळ्याला पडद्यावरची नक्षी किड्यांसारखी दिसते. नक्षीचा पडदा काढा, रात्री मंद दिवा असू द्या, समोर मोठं घड्याळ आणि तारीख ठेवा. दिवसा खिडकी उघडी, खुर्चीत बसवणं, दोनदा आधारानं चालवणं. 'किडे नाहीत' असा वाद नको, 'आहेत' असा दुजोराही नको. 'तुम्हाला भीती वाटतेय, मी इथेच आहे' एवढं बोला आणि विषय वळवा. बांधून ठेवू नका. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका, बिघाड वाढतो. पूर्ण सावरायला काही आठवडे लागू शकतात. दोन-तीन महिन्यांनंतरही भास राहिले तर स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करा.

प्रश्न: भाऊ हर्पिसच्या मेंदूज्वरातून महिन्यापूर्वी बरा झाला. आता आवाज ऐकू येतात म्हणतो, झोपत नाही, तोंडाच्या विचित्र हालचाली करतो. मानसोपचार विभागात न्यावं का?

उत्तर: आधी मेंदूविकार विभागात, आणि आजच. हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूच्या मेंदूज्वरानंतर साधारण चार रुग्णांमागे एकाला, बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आत, शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. त्यात बऱ्याचदा एनएमडीए ग्राहींविरुद्धची, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या रचनांविरुद्धची, प्रतिपिंडं सापडतात. या प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या आजाराचं वर्णन मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप डालमाऊ यांच्या गटानं 2007 मध्ये केलं. भास, झोप उडणं आणि तोंडाच्या हालचाली हे तिन्ही त्यात एकत्र येतात. पाठीच्या पाण्याची तपासणी विषाणू आणि प्रतिपिंडं या दोन्हींसाठी करायला सांगा, कारण विषाणू पुन्हा उसळला असेल तर उपचार वेगळा आणि प्रतिकारशक्ती उलटली असेल तर वेगळा. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी अशा रुग्णाचं अंग ताठतं आणि ताप चढतो, म्हणून त्या सुरू करण्याआधीच पहिल्या आजाराचा डिस्चार्ज कागद दाखवा. त्यावर ॲसायक्लोविर (हर्पिसवरचं औषध) किती दिवस दिलं होतं ती ओळ पेनानं अधोरेखित करून न्या.